साखळीचा तराजू घ्या, मेनू नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्या-मुंबईतले एखादे जुने हॉटेल बंद पडले की वर्तमानपत्रांतून हळहळीचे लेख येतात. पिझ्झा-बर्गरच्या साखळ्यांनी मराठी माणसाची जीभ बिघडवली, असा त्यांचा एकूण सूर असतो. सांगली-मिरजेत खानावळी आणि हॉटेले चालवणाऱ्या आम्हा काही जणांना तो पटत नाही. आता सांगलीतल्या विश्रामबागेकडेही चेनवाल्यांचे फलक दिसू लागले आहेत. तेव्हा पुण्यात जे होऊन गेले त्याचा हिशेब इथे वेळेवर मांडलेला बरा.

मॅकडोनाल्ड्स आणि डॉमिनोज दोन्ही १९९६ साली भारतात आले. तेव्हापासून आजवर फर्ग्युसन रस्त्यावरच्या 'वैशाली'समोरची गर्दी हटलेली नाही, आणि माटुंग्यात १९४२ पासून चालू असलेल्या रामा नायकांच्या उडुपी बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर जेवायला आजही थांबावे लागते. म्हणजे समोर पिझ्झा मिळतो म्हणून लोक इडली खायचे थांबले नाहीत. जी हॉटेले गेली त्यांतली बरीचशी जागेपायी गेली. शहराच्या मध्यवस्तीतले जुने हॉटेल बहुधा जुन्या भाडेकरारावर किंवा पागडीवर बसलेले असते. बाजारभावाने लाखाच्या घरात जाणारे भाडे त्याला काही हजारांत पडते आणि त्या फरकावरच त्याचा स्वस्त चहा आणि स्वस्त इडली उभी असते. वाडा पाडून इमारत झाली की हा फरक संपतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना भाडेसंरक्षणातून वगळले आहे. चेनवाली कंपनी पहिल्या दिवसापासून बाजारभावाने भाडे भरते आणि आपले दर त्यावरच बेतते. जुना हॉटेलवाला मात्र पन्नास वर्षे न दिसलेला खर्च एका रात्रीत अंगावर घेतो. गिऱ्हाईक तुटलेले नसते, गणित तुटलेले असते.

या धंद्याचा ढोबळ ताळा असा. शंभर रुपयांच्या विक्रीत कच्चा माल ३० ते ३५, पगार १८ ते २०, गॅस आणि वीज ६ ते ८, भाडे १० ते १२. भाडे पंधराच्या पुढे गेले की मालकाचा पगार निघत नाही, आणि वीसच्या पुढे गेले तर वस्ताद (मुख्य आचारी) कितीही चांगला असो, दुकान वाचत नाही. पुण्याला जाऊन 'गावरान' नावाची हॉटेले काढणाऱ्या आमच्या भागातल्या तरुणांनी चव बघायच्या आधी हा आकडा बघावा.

आता साखळी कशी चालते ते. तिच्या दुकानात स्वयंपाक जवळजवळ होतच नाही. पिझ्झ्याचे पीठ मध्यवर्ती स्वयंपाकघरात मळून, गोळे करून, थंड गाडीतून ट्रेमध्ये येते. फ्राइज अर्धवट तळून गोठवलेल्या असतात. त्यासाठी मेहसाण्यासारख्या ठिकाणी कारखाने आहेत आणि पाणी कमी, पिष्ट जास्त असलेल्या बटाट्याच्या वेगळ्या जाती लावल्या जातात, कारण भाजीच्या बटाट्याची फ्राय मऊ पडते आणि काळपटते. दुकानातल्या पोराने ठरलेल्या तापमानाला ठरलेली मिनिटे तळायचे, इतकेच काम. वस्ताद रुसला, गावी गेला, दुसरीकडे गेला, तरी दुकान बंद राहत नाही. साखळीची खरी ताकद ही आहे आणि तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

मात्र ही पद्धत सगळ्या पदार्थांना लागू होत नाही. जो पदार्थ कोरडा आहे, किंवा गोठवून पुन्हा तळता-भाजता येतो, तोच साखळीत जातो. आपल्या जिल्ह्यातले उदाहरण बघा. चितळ्यांचा दुधाचा धंदा १९३९ साली भिलवडीत सुरू झाला आणि पुढे पुण्यातून त्यांची बाकरवडी जगभर गेली. बाकरवडी टिकते म्हणून ती गेली. साताऱ्याचा कंदी पेढा खवा चांगला भाजून, पाणी आटवून केलेला असतो, म्हणून प्रवासाला चालतो. सांगलीचे भडंग तसेच. वडापावही साखळीत जाऊ शकतो, हे मुंबईत २००१ साली सुरू झालेल्या जम्बोकिंगने दाखवले. (साखळी म्हणजे परदेशी, हा समज तेवढा सोडून द्यावा. तालुक्या-तालुक्याला लागलेले अमृततुल्य चहाचे फलक हीसुद्धा साखळीच आहे.) पण भाकरी, पांढरा रस्सा, भरले वांगे, गरम पिठले यांतले काहीच या वाटेने जात नाही. साखळीला जे जमत नाही ते आपल्याकडे आहे आणि आपण नेमके तेच मेनूवरून काढत चाललो आहोत.

भाकरीचेच घेऊ. ज्वारीच्या पिठात गव्हासारखी चिकटाई नसते. गरम पाण्याने पिठातले पिष्ट फुलते आणि तेवढ्यावरच भाकरी थापली जाते. पीठ आठ-दहा दिवसांपेक्षा जुने झाले की त्याची विरी, म्हणजे धरून राहायचा गुण, जाते. मग थापताना कडा फाटतात, तव्यावर तडे जातात, आणि बाईला भाकरी येत नाही असा बोभाटा होतो. दोष बाईचा नसतो, महिन्याचे दळण एकदम आणणाऱ्या मालकाचा असतो. हॉटेलने तीन-चार दिवसांचेच दळण आणावे. विरी गेलेलेच पीठ वापरायची वेळ आली तर त्याची उकड काढावी. भाकरीला सुमारे १०० ग्रॅम पीठ धरले तर किलोत दहा होतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचे आणि ते पुरते सुकायच्या जरा आधी उलटायची. लवकर उलटली तर तव्याला धरते, उशीर झाला तर पापुद्रा तडकतो आणि फुगत नाही. एक बाई एका तव्यावर तासाला पंचवीस-तीस भाकऱ्या नीट करते. त्याहून जास्त मागितल्या की भाकरी जाड होते आणि मधे कच्ची राहते.

पैशांत सांगायचे तर ज्वारी दळणासह ५० रुपये किलो धरली की पीठ ५ रुपयांचे. बाईची मजुरी तासाला ८० रुपये आणि तासाला ३० भाकऱ्या धरल्या तर २ रुपये ६७ पैसे. मोठ्या शेगडीला तासाला ४०० ग्रॅम गॅस आणि गॅस १०० रुपये किलो धरला तर १ रुपया ३३ पैसे. भाकरी ९ रुपयांना पडली. तंदूर रोटीच्या गोळ्याला पीठ दोन-अडीच रुपयांचे लागते, भट्टीत एका वेळी सहा-आठ लागतात आणि एक पोरगा शंभर गिऱ्हाइके सांभाळतो. गिऱ्हाईक मात्र दोन्हींना सारखाच दर द्यायला बघते, वर भाकरी स्वस्त असावी अशीही त्याची अपेक्षा असते, कारण ती 'घरचीच' ना! त्यामुळे हॉटेलवाला रोटीकडे वळतो. १९९५ साली राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर दिली, पुढे त्यातल्या बऱ्याच केंद्रांवर वडापाव आणि चहा विकला जाऊ लागला, यामागेही हेच हाताच्या कामाचे गणित होते. भाकरी रोटीपेक्षा पाच रुपयांनी महाग लावावी आणि का महाग आहे ते फलकावर लिहावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

याच्या उलट अख्खा मसूर. पेठ नाक्यापासून कराडपर्यंत महामार्गावर ज्याच्या पाट्या दिसतात तो हा पदार्थ आपल्याकडे सगळ्यात जास्त फायद्याचा आहे. किलोभर सालासकट मसूर चार तास भिजवून मोकळ्या पातेल्यात अर्ध्या तासात शिजतो. बोटात दाबला की चेपावा, पण साल सुटू नये. ६०० ग्रॅम कांदा २०० ग्रॅम तेलात तांबूस होईपर्यंत परतायचा, आले-लसूण, मग ४०० ग्रॅम टोमॅटो, ८० ग्रॅम कांदा-लसूण तिखट, आणि तेल सुटल्यावर मसूर. पाण्यासकट सव्वातीन-साडेतीन किलो भाजी होते, म्हणजे २२० ग्रॅमच्या पंधरा प्लेट. आजच्या भावाने सगळे मिळून सव्वादोनशे-अडीचशे रुपये लागतात, प्लेट साधारण १५-१७ रुपयांना पडते. पनीरच्या प्लेटमध्ये नुसते पनीरच त्याच्या दुप्पट पैशांचे असते.

मसूर बिघडतो तो दोन कारणांनी. बोअरचे जड पाणी वापरले की साल कडक राहते, तासभर उकळूनही दाणा टचटचीत लागतो. किंवा घाईत टोमॅटो आधीच शिजायला घातला जातो, आणि आंबटामुळे साल मऊ होत नाही. मग कोणीतरी चिमूटभर सोडा टाकतो. साल फुटते, भाजीचा लगदा होतो आणि सोड्याचा वास येतो. शिजवायला नळाचे किंवा गाळलेले पाणी घ्यावे आणि आंबट शेवटी घालावे, एवढेच पुरते. पांढऱ्या रश्शातही अशीच एक जागा आहे. नारळाचे दूध घातल्यावर मोठ्या आचेवर खदखदू दिले की रस्सा फुटतो, वर तेलकट तवंग आणि खाली पाणी. मंद आचेवर फक्त वाफ येऊ द्यायची. हे सगळे आमच्या भागातल्या प्रत्येक जुन्या वस्तादाला माहीत आहे, पण लिहून ठेवलेले कुठेच नाही. वस्ताद गेला की चव गेली. साखळीकडून उचलायचे ते नेमके हे लिहून ठेवणे.

आपण उचलतो काय, तर मेनू. 'फॅमिली गार्डन'ची पाटी, दोनशे पदार्थांचे प्लास्टिकचे कार्ड, त्यात पंजाबी, चायनीज, तंदूर, पास्ता. स्वयंपाकघरात मात्र लाल, पिवळी आणि पांढरी अशा तीन ग्रेव्ह्या. बाकी फरक नावांचा आणि वरून किसलेल्या चीजचा. तीन ग्रेव्ह्या रोज संपत नाहीत, म्हणून फ्रिजात जातात, पुन्हा गरम होतात. उरलेल्या भाताचा फ्राइड राइस होतो. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, गरम ठेवायचे तर ६० च्या वर आणि थंड ठेवायचे तर ५ च्या खाली, हा अन्नसुरक्षेचा नियम आहे. भाताचे मोठे पातेले ओट्यावर झाकून ठेवले तर मधला भात चार-पाच तास कोमट राहतो, आणि त्यात तयार झालेले विष पुन्हा परतून जात नाही. परातीत दोन बोटे थरात पसरून गार करावा आणि लगेच फ्रिजात ठेवावा, नाहीतर टाकावा. चार-पाचशे रुपयांचा थर्मामीटर आणि डब्यावर तारीख-वेळ लिहायला एक पेन एवढेच लागते. साखळीतल्या पोराकडे ते असते, आपल्या वस्तादाकडे नसते, आणि मग 'चेनमध्ये स्वच्छता असते बुवा' हे वाक्य ऐकून घ्यावे लागते. खरे तर सकाळी बारा पदार्थ करून तीन वाजेपर्यंत संपवणारी खानावळ त्या दोनशे पदार्थांच्या हॉटेलपेक्षा केव्हाही सुरक्षित. मेनू लहान ठेवला की निम्मे प्रश्न आपोआप मिटतात.

तेलाचेही तसेच. तळणाच्या तेलात ते पुन्हा पुन्हा तापल्याने वाढणाऱ्या ध्रुवीय घटकांचे (पोलर कंपाउंड्स) प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचे नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. १५ किलोचा डबा महाग म्हणून जुन्या तेलात नवे ओतत राहायचे ही आपली सवय, आणि त्याने नवे तेलही लवकर जाते. रोज रात्री कढई गाळावी, तळाचे जळके बेसन काढावे, कढईवर मीठ भुरभुरू नये, आच १८० अंशांच्या वर नेऊ नये. फेस बसेनासा झाला आणि धूर लवकर यायला लागला की तेल बदलावे. वापरलेले तेल बायोडिझेलसाठी घेणारे अधिकृत लोक आहेत, ते गाडीवाल्याला विकू नये.

तराजूचा मुद्दा उरला. शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली तेव्हा तिचे वजन शासनाने ठरवून दिले. ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. गिऱ्हाइकाकडून १० रुपये, आणि शहरात थाळीची किंमत ५० धरून वरचे ४० सरकारचे. ही थाळी पोटभर आहे का, हा वाद वेगळा. पण दहा रुपयांच्या थाळीला वजन असते आणि आपल्या दोनशेच्या थाळीला नसते. भाजीची वाटी १२० मिलिलिटरची की १५० ची, हे बहुतेक मालकांना सांगता येत नाही. रोज ३०० वाट्या जात असतील तर या फरकात ९ लिटर भाजी जाते. वाढप्याच्या हातात मापाचे ओगराळे द्यावे, पहिला आठवडा रोज संध्याकाळी उरलेली भाजी मोजून लिहावी, दुसऱ्या आठवड्यात किती कमी करायची ते वहीच सांगते. पुन्हा वाढायला हात आखडू नये, पण पहिले वाढप मापात असावे.

पार्सलबद्दल थोडे. मोबाइल ॲपवरून आलेल्या २०० रुपयांच्या ऑर्डरवर कमिशन २५ टक्के धरले तर ५० गेले, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९ गेले, डबे-पिशवीचे १२ गेले. हातात १२९. माल ७० चा. उरले ५९, आणि त्यात पगार, भाडे, गॅस, वीज. तेच गिऱ्हाईक टेबलावर बसले असते तर १३० उरले असते. सवलत दुकानाच्या खिशातून द्यायची ठरली तर ५९ चेही तीस-पस्तीस होतात. साखळी एका दरात शेकडो दुकानांची घासाघीस करते, एकट्या खानावळीला तसे करता येत नाही. ॲप कंपन्यांच्या अटींविरुद्ध हॉटेलांच्या संघटनेने केलेल्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला होता, पण त्या निकालाची वाट बघत कोणी बसू नये. सांगली-मिरजेएवढ्या गावात दोन-तीन किलोमीटरपर्यंत आपला पोरगा पाठवणे परवडते. आणि भाकरी फॉइलमध्ये गरमागरम गुंडाळू नये. वाफ आत कोंडते, भाकरी आधी ओली आणि मग चामट होते. दुरडीत मिनिट-दोन मिनिटे वाफ जाऊ द्यावी आणि कागदात बांधावी. मिसळीचा कट आणि फरसाण वेगळे द्यावे, हे आता सगळ्यांना कळले आहे.

कर. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट नाही. नियम चेनला आणि आपल्याला सारखाच. पन्नास हजार भाड्यावर १८ टक्क्यांचे ९ हजार हा निव्वळ खर्च होतो, करार करताना तो धरावा. वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असलेल्यांना कंपोझिशन, म्हणजे उलाढालीवर ठोक कर भरायची योजना, घेता येते. त्यात ५ टक्के आपल्या खिशातून भरायचे आणि गिऱ्हाइकाच्या बिलात कर लावायचा नाही. काही जण कंपोझिशनमध्ये असूनही बिलात जीएसटी लावतात. ते बेकायदा आहे आणि वाचकांनी अशा बिलाला खुशाल हरकत घ्यावी.

ज्यांची दहा किंवा जास्त ठिकाणी दुकाने आहेत त्यांना मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी छापाव्या लागतात. छोट्या हॉटेलाला ते बंधन नाही आणि असूही नये. पण वाटी किती मिलिलिटरची, भाकरी कोणत्या धान्याची, तेल कोणते आणि कधी बदलले, एवढे चार ओळींत फळ्यावर खडूने लिहायला कायद्याची गरज नाही. पुण्यात गेलेल्या आपल्या पोरांना मेसच्या डब्यात काय मिळते याची काळजी इथले आईबाप करतात. त्यांनीही मेस लावताना 'चव कशी आहे' याच्या आधी 'भात कालचा उरला तर काय करता' हे विचारावे. उत्तरावरून मेस कळते.

आपल्या वर्तमानपत्राला एक विनंती. हॉटेलांवर लिहिताना 'आजीच्या हातची चव' वगैरे जरा कमी छापावे, आणि थाळीचा दर, वाटीचे माप, भाकरीचे धान्य आणि स्वयंपाकघर बघू दिले की नाही, या चार गोष्टी प्रत्येक हॉटेलच्या नावाखाली द्याव्यात. साखळी दुकानांवर लिहितानाही त्याच द्याव्यात.

कळावे,
आपले,
सांगली-मिरजेतील काही खानावळचालक व आचारी